शेतांतील बिनतारी निरोप : साधनाची निवड

जमिनींतील ओल मोजणारें यंत्र घेतांना आपण यंत्राची परीक्षा करतों. परंतु त्याचा निरोप घरापर्यंत कोणत्या मार्गानें येणार, याची चौकशी करीत नाहीं. प्रस्तुत लेखकाकडून हीच चूक घडली. सुरू उसांत माघांत बसविलेलें यंत्र चैत्रांत नियमित बोलत होतें. भाद्रपदांत तें गप्प झालें. मोबाइलवर ‘ओल पुरेशी’ हा जुनाच आंकडा राहिला, उघडीप असतां पंप बंद राहिला, व टोंकाकडील ऊस वाळला.

मार्ग मुख्यत्वें तीन आहेत.

१. वायफाय : पल्ला सामान्यतः १०० मीटरच्या आंत, वीज अधिक लागते. घरालगतच्या गोठ्यास योग्य.

२. मोबाइलचें जाळें : प्रत्येक यंत्रास सिमकार्ड व त्याचा खर्च. शेतांत रेंज चांगली व यंत्रें एक-दोनच असल्यास सोयीचें.

३. लोरा : निरोप अगदीं लहान, परंतु मोकळ्या रानांत कित्येक किलोमीटर जातो, बॅटरी वर्षानुवर्षें पुरते. घरीं गेटवे नांवाचें एक ग्राहकयंत्र ठेवल्यास अनेक शेतांतील यंत्रांचें काम भागतें. विखुरलेल्या शेतीस हा मार्ग बहुधा उत्तम.

लोरा घेतांना लहरींचा आंकडा पाहावा. भारतांत ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठराविक शक्तीच्या मर्यादेंत विनापरवाना खुला आहे. अमेरिकेकरितां केलेलें ९१५ मेगाहर्ट्झचें यंत्र स्वस्त मिळालें तरी घेऊं नये.

जाहिरातींतील पल्ला मोकळ्या नजरेचा असतो. उसाचीं ओलीं पानें लहरी शोषून घेतात. शिवाय लहरींस केवळ रेषा पुरत नाहीं. अंतर १ किलोमीटर असल्यास मध्यावर त्या रेषेभोंवतीं सुमारें साडेपांच मीटर जागा मोकळी असावी. म्हणून यंत्राचा अँटेना बांबूवर पिकाच्या वर, व गेटवेचा घराच्या माथ्यावर चढवावा. लोराचे वेगाचे ७ ते १२ असे टप्पे असतात. वरच्या टप्प्यांत निरोप दूर जातो. परंतु दर टप्प्यास वेळ जवळजवळ दुप्पट लागतो व बॅटरी त्या मानानें खर्चते. सबब आधीं उंची वाढवावी, मग टप्पा.

शेवटची गोष्ट महत्त्वाची. कचेरींत एखाद्या गांवचें पत्रक आलें नाहीं, तर तें निरंक आहे असें कोणी समजत नाहीं, स्मरणपत्र धाडतात. तोच नियम येथें लावावा. शेवटचा निरोप केव्हां आला तें दाखविणारी, व एक दिवस निरोप न आल्यास सूचना देणारी व्यवस्था असेल तरच साधन घ्यावें. आणि त्याची परीक्षा उभ्या पिकांत, पानें भिजलेलीं असतां करावी. मोकळ्या रानांत सर्वच साधनें चांगलीं ठरतात.