आपल्या रस्त्याला डांबर किती लागेल? (घनफळाचा एक उपक्रम)



इष्टिकाचितीचे घनफळ = लांबी × रुंदी × उंची. सूत्र मुलांना पाठ असतं. पण खोका, टाकी आणि वीट यांच्यापलीकडे हे सूत्र जात नाही. खरं तर शाळेसमोरचा डांबरी रस्ता हीसुद्धा एक इष्टिकाचितीच आहे. फक्त ती खूप लांब आणि खूप पातळ आहे!

सहावी-सातवीच्या मुलांकडून पुढील उदाहरण टप्प्याटप्प्याने करून घ्या.

उदाहरण : रस्त्याची लांबी ४०० मीटर, रुंदी ३.७५ मीटर, डांबरी थराची जाडी ३० मिमी.

१) क्षेत्रफळ : ४०० × ३.७५ = १५०० चौ. मी.

२) एकक सारखे करा : ३० मिमी = ०.०३ मीटर. मुलं हमखास अडखळतात ती इथेच. कुणी ०.३ लिहिलं तर लगेच चूक सांगू नका. फूटपट्टी उभी धरायला सांगा. ०.३ मीटर म्हणजे ३० सेंमी, म्हणजे अख्ख्या पट्टीएवढा जाड थर! मुलं स्वतःच हसतात आणि दुरुस्ती करतात.

३) घनफळ : १५०० × ०.०३ = ४५ घनमीटर

४) वजन : एक घनमीटर पाणी १ टन भरतं. खडी पाण्यापेक्षा जड असते. रोलरने नीट दाबलेलं डांबरमिश्रण साधारण २.३ टन भरतं. म्हणून ४५ × २.३ = १०३.५ टन.

५) वाया जाणारा माल : त्यासाठी ५ टक्के जादा धरू. १०३.५ + ५.१७५ = १०८.६७५, म्हणजे सुमारे १०९ टन. एका डंपरमध्ये १६ टन माल धरला तर १०९ ÷ १६ = ६.८, म्हणजे ७ खेपा. इथे मुलांना जरूर विचारा, "६.८ खेपा होतील का रे?"

डांबर नेमकं किती?
आपण बोलताना सगळ्यालाच डांबर म्हणतो. प्रत्यक्षात या मिश्रणात काळं डांबर वजनाने साधारण ५ टक्केच असतं, बाकी खडी, कच आणि भुकटी. १०३.५ टनांचे ५ टक्के म्हणजे सुमारे ५.२ टन. शेकडेवारीची उजळणी आपोआप होते.

माल घनफळावर का मोजत नाहीत?
गरम मिश्रण पसरताना सैल असतं, रोलर फिरला की दबतं. घनफळ बदलतं, वजन मात्र तेच राहतं. म्हणून गाडी वजनकाट्यावर जाते. मुलांना हे पोह्यांच्या डब्यावरून दाखवा. डबा हलवला की पोहे खाली बसतात, वजन कमी होत नाही.

तोंडी हिशेब : १ चौ. मी. जागेवर १० मिमी थराला २३ किलो माल लागतो. ३० मिमीला ६९ किलो, म्हणजे एका मोठ्या माणसाच्या वजनाएवढा!

हे गणित का शिकवायचं?
समजा थर ३० ऐवजी २५ मिमीचाच पडला. ५ मिमीचा फरक डोळ्यांना दिसत नाही. पण १५०० × ०.००५ × २.३ = १७.२५ टन! एका डंपरपेक्षा जास्त माल कमी पडला. कामाच्या फलकावर लांबी, रुंदी, जाडी दिलेली असेल तर हा हिशेब सातवीचं मूलही मांडू शकतं. ग्रामसभेत प्रश्न विचारायला आवाज मोठा लागत नाही, आकडा बरोबर लागतो. सूत्र पाठ करण्यापेक्षा ही सवय जास्त मोलाची.

घरचा अभ्यास : १० मीटर लांब, ६ मीटर रुंद जागेवर ४० मिमी थर टाकायचा आहे. माल किती? (उत्तर : ५.५२ टन)

पालकांनी सुट्टीच्या दिवशी मुलांसोबत टेपने आपली गल्ली मोजावी. रुंदी तीन-चार ठिकाणी मोजून सरासरी घ्यावी. वाहनांकडे लक्ष ठेवा आणि चालू कामाजवळ मुलांना नेऊ नका, माल फार गरम असतो.

उपक्रम नक्की घेऊन पाहा!