आडव्या विहिरीच्या आराखड्यावर सही करण्याआधी

पातळ थरातलं तेल म्हटलं की आमच्या धंद्यात नॉर्वेच्या ट्रोल क्षेत्राचं नाव निघतंच. समुद्रसपाटीखाली साधारण दीड किलोमीटरवर वर वायूचा प्रचंड साठा, खाली पाणी आणि मध्ये तेल. ते क्षेत्राच्या पश्चिमेकडच्या एका भागात मुळात २२ ते २६ मीटर, तर दुसऱ्यात जेमतेम ११ ते १३ मीटर जाडीचं होतं. उभ्या विहिरीत वरून वायू नि खालून पाणी लगेच ओढलं जातं. आडव्या विहिरींनीच ते तेल हाती आलं. पण इतक्या खोलीवर सिस्मिक लहरींच्या वेगात १ टक्का चूक झाली, तर थराचा माथा १५ मीटर हलतो.

दुसऱ्या एका क्षेत्रात, अशाच पातळ थराच्या विहिरीवर मी भूवैज्ञानिक होतो. आराखड्यात माथा म्हणून एकच रेघ होती. तो किती वर-खाली येऊ शकेल, याचा पट्टा नव्हता. मी विचारलं, तेव्हा "शेजारच्या विहिरीशी जुळतंय" एवढंच उत्तर मिळालं. रात्री बिट ठरलेल्या खोलीवर पोचलं, पण गॅमाची नोंद शेलचीच. कटिंग्ज पुन्हा धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. करडा शेल, वाळूचा कण नाही. विहिरीचा उभ्या रेषेपासूनचा कोन तोवर ८८ अंशांवर गेलेला. माथा ५ मीटर खाली निघाला. किनाऱ्यावरच्या कार्यालयाशी फोनाफोनी झाली, घाईत कोन पाडला गेला आणि विहीर थरात शिरली ती पाण्याच्या सीमेपर्यंत उतरली. उत्पादन सुरू होऊन फार दिवस झाले नाहीत, तोच पाणी येऊ लागलं.

८८ अंशांवर ५ मीटर उतरायला १४३ मीटर आडवं जावं लागतं, ८५ अंशांवर ५७. म्हणून माथा हाती लागेपर्यंत कोन ८४-८५ वर धरून ठेवा. थर फारच पातळ असेल तर आधी पायलट विहीर घ्या. तिचा खर्च वाया जाणारा वाटतो, पण मला तो सगळ्यात स्वस्त विमा वाटतो. आणि कोन मोजणाऱ्या उपकरणावरही डोळे झाकून विसंबू नका. पाव अंशाची चूक एकाच दिशेने साचत गेली, तर हजार मीटरवर चार मीटरहून जास्त फरक पडतो. शिवाय सेन्सर बिटच्या मागे असतात; नोंद दिसते तेव्हा बिट पुढे गेलेलं असतं. आकड्यांपेक्षा खडक काय सांगतो ते पाहत विहीर वळवा.

आढावा बैठकीत एक प्रश्न जरूर विचारा: माथा ५ मीटर खाली आला, तर रात्री रिगवर कोण, काय करणार? लेखी उत्तर मिळेपर्यंत आराखड्यावर सही करू नका.