ठोके कमी, पण मुलगी खेळते. मग पेसमेकर कशाला?

प्रश्न : चार वर्षांच्या मुलीला जन्मजात पूर्ण हार्ट ब्लॉक आहे. ती खेळते, तरी पेसमेकर सांगितलाय. थांबलो तर? (वाचक, गेवराई, जि. बीड)

उत्तर : खेळणे ही चांगली खूण आहे, पण खात्री नव्हे. या आजारात वरच्या कप्प्यांचा विद्युतसंदेश खाली पोचत नाही आणि खालचे कप्पे आपल्याच संथ गतीने चालतात. दर ठोक्याला जास्त रक्त ढकलून हृदय तूट भरून काढते, म्हणून मूल धडधाकट दिसते. पहिले लक्षण मात्र कधी कधी थेट बेशुद्धी असते, क्वचित मृत्यूही. तेव्हा निर्णय अंगणातल्या खेळावर नको, 24 तास ठोके नोंदवणाऱ्या होल्टरवर आणि हृदयाच्या सोनोग्राफीवर, म्हणजे इकोवर हवा. सरासरी ठोके 50 च्या खाली, मध्येच लांब खंड किंवा हृदयाची ताकद घटलेली असेल, तर थांबू नका. यातले काहीच नसेल, तर नियमित तपासण्या करत थांबणे हा हलगर्जीपणा नाही. डॉक्टरांना कारण जरूर विचारा. पेसमेकरची बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, उंची वाढताना तार ताणते, हा आक्षेप खराच. पण ती शस्त्रक्रिया ठरवून करता येते. अचानक थांबणारे हृदय वेळ देत नाही.

पुढच्या तपासण्या-उपचारांसाठी अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून संदर्भचिठ्ठी घ्या. आणि जन्मजात ब्लॉकमागे अनेकदा आईच्या रक्तातली अँटी-रो प्रतिपिंडे असतात, म्हणून पुढच्या गरोदरपणाआधी आईची त्यांच्यासाठी तपासणी करून घ्या.