रात्रपाळी आणि सिस्टरचे हृदय

आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी घरांत मुलगी, सून किंवा बहीण परिचारिका आहे. ती दवाखान्यातच असते, तिला काय होणार, असा आपला समज असतो. पण दिवसभर इतरांचे बीपी मोजणारी सिस्टर स्वतःच्या दंडाला पट्टा कधी बांधते?

अमेरिकेत 1976 साली परिचारिकांच्या आरोग्याचा मोठा अभ्यास सुरू झाला, 1989 साली त्याची दुसरी तुकडी आली. या दोन्हींतल्या सुमारे 1 लाख 89 हजार जणींची 24 वर्षांची माहिती तपासली, तेव्हा 10 वर्षे किंवा जास्त काळ फिरती रात्रपाळी केलेल्यांत हृदयविकाराचा धोका 15 ते 18 टक्क्यांनी अधिक दिसला. वाढ फार मोठी नाही, हे खरे. पण त्यात बीपी, साखर आणि मिश्री-तंबाखूची भर पडली की धोका बराच वाढतो.

रात्री झोपेत रक्तदाब उतरतो, हृदयाला तेवढाच विसावा. जागरणात तो मिळत नाही. शिवाय मध्यरात्री खाल्लेल्या अन्नातली साखर शरीराला नीट पचवता येत नाही, आणि ड्यूटीवर जाग यावी म्हणून गोड चहा तर चालूच असतो.

सकाळी ती घरी येते तेव्हा नळाला पाणी आलेले असते, मुलांचे डबे व्हायचे असतात. दुपारी पत्र्याखाली, टीव्हीच्या आवाजात डोळा लागला तर लागला. बाबासाहेब मजूरमंत्री असताना कारखान्यांत आठवड्याला 48 तासांची मर्यादा आणण्याचे काम झाले. घरातले तास मात्र कुणी मोजत नाही. म्हणून आमचे सांगणे तिला कमी आणि घरच्यांना जास्त आहे. नाइटच्या आठवड्यात पाणी आणि डबे घरातल्या पुरुषांनी सांभाळावेत. खिडकीला जाड चादर लावावी, टीव्ही बंद ठेवावा, तिला सलग सहा-सात तास झोपू द्यावे. शेजारणींनाही तसे सांगून ठेवावे.

तिशीनंतर वर्षातून एकदा बीपी आणि साखर तपासावी. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. कंबर 80 सेंटिमीटरच्या वर गेली असेल तर टाळाटाळ नको.

बाईचा हार्ट अटॅक नेहमी छातीत कळ येऊनच येतो असे नाही. धाप, मळमळ, थंड घाम, जबडा किंवा पाठ दुखणे, कधी नव्हे असा थकवा, एवढेच असू शकते. सिस्टरसुद्धा त्याला ॲसिडिटी म्हणते, गोळी घेते आणि ड्यूटीला निघते. अशा वेळी तिचे ऐकू नका, 108 ला फोन लावा.