धातूचा तुकडा ते न्यायासन : एका बॉम्बनिर्मात्याची अटक व खटला

बॉम्ब तयार करून निरपराध लोकांचे प्राण घेणारा गुन्हेगार बहुधा अंधारात राहूनच काम करतो. खोटे नाव, खोटा पारपत्र, आज या देशात तर उद्या त्या देशात, असा त्याचा संचार असतो. अशा गुन्हेगारास कायद्याच्या कक्षेत आणणे किती कष्टाचे असते व ते कशामुळे शक्य होते, हे रमझी युसूफ याच्या खटल्यावरून चांगले समजते.

घटना

२६ फेब्रुवारी १९९३ रोजी दुपारी न्यूयॉर्क येथील वर्ल्ड ट्रेड सेंटर या उत्तुंग इमारतीच्या तळघरातील वाहनतळावर स्फोटकांनी भरलेल्या व्हॅनचा स्फोट झाला. सहा जण मृत्युमुखी पडले. त्यांत एक गरोदर स्त्री होती. जखमींची संख्या हजाराहून अधिक होती. स्फोटाचा सूत्रधार युसूफ त्याच रात्री विमानाने देशाबाहेर निघून गेला.

क्रमांक आणि नोंदवही

ढिगाऱ्याची तपासणी करताना अधिकाऱ्यांना वाहनाचा एक मोडका तुकडा सापडला. प्रत्येक वाहनावर कारखान्यातच कोरलेला ओळखक्रमांक असतो. तो या तुकड्यावर शिल्लक होता. त्यावरून ही व्हॅन न्यू जर्सी राज्यातून भाड्याने नेलेली असल्याचे उघड झाले. भाड्याच्या कागदपत्रांत नेणाऱ्याचे नाव होते. व्हॅन चोरीस गेल्याची बतावणी करून अनामत रक्कम परत मागण्यास तो इसम आला, तेव्हा ४ मार्च १९९३ रोजी त्यास अटक झाली. त्याच्या मागोमाग इतर साथीदारही हाती लागले. सूत्रधार मात्र फरारी राहिला.

मनिलातील आग

डिसेंबर १९९४ मध्ये युसूफने फिलिपाइन्सच्या एका प्रवासी विमानात छोटा बॉम्ब ठेवला. त्यात एक जपानी प्रवासी ठार झाला. वैमानिकाने जायबंदी विमान ओकिनावा येथे सुखरूप उतरविले. पुढे ६ जानेवारी १९९५ च्या रात्री मनिला येथे युसूफच्या बिऱ्हाडात रसायनांमुळे आग लागली. आग किरकोळ होती व ती विझल्याचेही सांगण्यात आले. तथापि आयडा फारिस्कल या महिला पोलीस अधिकाऱ्यांचे समाधान झाले नाही. त्या स्वतः जागेवर गेल्या. खोलीत रसायने, बॉम्बचे साहित्य व एक संगणक मिळाला. सुमारे डझनभर अमेरिकी विमाने उडवून देण्याच्या कटाची माहिती त्या संगणकात होती. एक साथीदार पकडला गेला व कट फसला. परंतु युसूफ पुन्हा निसटला.

अटक

अमेरिकी शासनाने वीस लक्ष डॉलरांचे बक्षीस जाहीर केले होते. आगपेट्यांवर त्याचे छायाचित्र छापून त्या परदेशांतही वाटण्यात आल्या. अखेर त्याच्याच परिचयातील एका व्यक्तीने खबर दिली आणि ७ फेब्रुवारी १९९५ रोजी इस्लामाबाद येथील एका अतिथिगृहात त्यास पकडण्यात आले. लागलीच त्याची न्यूयॉर्कला रवानगी झाली.

न्यायालयात

विमानांच्या कटाच्या खटल्यात युसूफने स्वतःच आपला बचाव केला. फिलिपाइन्सच्या पोलिसांनी पुरावा बनावट तयार केला, असे म्हणण्याची मुभाही त्यास मिळाली. ज्यूरीने सर्व पुरावा तपासून ५ सप्टेंबर १९९६ रोजी त्यास दोषी ठरविले. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या खटल्यात १२ नोव्हेंबर १९९७ रोजी तसाच निर्णय झाला. ८ जानेवारी १९९८ रोजी न्यायमूर्ती केव्हिन डफी यांनी जन्मठेप व त्याखेरीज २४० वर्षांची शिक्षा फर्माविली. २००३ मध्ये त्याचे अपीलही फेटाळले गेले.

त्याच्या चार साथीदारांना १९९४ मध्ये प्रत्येकी २४० वर्षांची शिक्षा झाली होती. मृत सहा जण एरवी आणखी किती वर्षे जगले असते, त्याची बेरीज १८० वर्षे धरून व इतर दोन आरोपांची प्रत्येकी तीस वर्षे मिळवून न्यायमूर्तींनी हा आकडा काढला होता. परंतु शिक्षा सुनावतेवेळी आरोपींना वकील नव्हता, म्हणून १९९८ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवून शिक्षा रद्द केली. फेरसुनावणीत १९९९ मध्ये पुन्हा प्रत्येकी शंभर वर्षांहून अधिक शिक्षा झाली. ज्यांच्याविषयी जनतेच्या मनात केवळ संताप होता, त्यांनाही कायद्याने दिलेला हक्क नाकारला गेला नाही. म्हणूनच तो निकाल टिकला.

बोध

न्यूयॉर्कच्या स्फोटानंतर दोनच आठवड्यांनी, १२ मार्च १९९३ रोजी, मुंबईत स्फोटमालिका होऊन २५७ जणांचा बळी गेला. तेथेही वरळीत टाकून दिलेल्या मारुती व्हॅनच्या नोंदणीवरूनच तपासास दिशा मिळाली. ज्या कारकुनाने नोंदवही नीट लिहिली, ज्या अधिकाऱ्याने ढिगारा चाळला, जी अधिकारी रात्री उठून जागा पाहावयास गेली, त्या साऱ्यांचा न्यायात वाटा आहे. भाडेकरूची, वाहनाची वा मुक्कामी पाहुण्याची नोंद ठेवणे हे वरवर कंटाळवाणे काम आहे. परंतु प्रसंगी त्याच ओळीवर अनेकांचे प्राण अवलंबून असतात. तसेच संशय आल्यास पोलिसांस कळवावे, स्वतः शिक्षा करू पाहू नये. संशय हा पुरावा नव्हे, आणि पुराव्यावाचून दिलेली शिक्षा हा न्याय नव्हे.

विचारार्थ प्रश्न

१. आपल्या गावात भाड्याने दिलेल्या घरांची व वाहनांची नोंद कोण ठेवतो?
२. दोषी ठरलेल्या आरोपीसही शिक्षा सुनावतेवेळी वकील का असावा?