कातकामाचे लाकूड : ओळख आणि मिळकत

कर्नाटकातील चन्नपट्टणची रंगीत खेळणी ज्या लाकडावर परंपरेने कातली जातात, तो आपल्या रानातील काळा कुडा होय. लाकूड पांढरे, दाट आणि एकजीव. हत्याराखाली ते चटकन गुळगुळीत होते. त्याची गल्लत पांढऱ्या कुड्याशी होते. चीक दोघांचाही दुधी, फुलेही पांढरीच. तेव्हा शेंगा पाहाव्यात. काळ्या कुड्याच्या कोवळ्या जोडशेंगा टोकाशी चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या आरंभापासून सुट्या.

परंतु ओळख पटली म्हणून कुऱ्हाड उचलू नये. महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड कायद्याने आंबा, फणस, चिंच यांसारख्या अनुसूचित झाडांना स्वतःच्या शेतातही परवानगीवाचून हात लावता येत नाही. बांधावरचे झाड आपलेच, असे मानणाऱ्यास हे बहुधा दंड भरतानाच उमगते. वादळात मोडलेली फांदी, छाटणीचे ओंडके, वखारीतील तुकडे नवशिक्यास पुष्कळ झाले. मालकास विचारूनच न्यावेत.

लाकूड आणल्याच दिवशी ओंडक्याच्या दोन्ही टोकांना मेण वा जुना रंग फासावा. टोके आधी वाळतात आणि चिरा तेथूनच आत शिरतात. मधला गाभा दोन फाळ्यांत येईल असा ओंडका उभा चिरावा. वाडगे करावयाचे असल्यास ओलेपणीच जाडसर कातावे, दहा इंच व्यासास एक इंच जाडी ठेवून, आणि सावलीत महिनोन्महिने वाळू द्यावे. घाई करणाऱ्याचे वाडगे तडकते, हे आम्ही मुलांना सांगतो. पटते मात्र पहिले तडकल्यावरच.

अंगणातील कण्हेर मात्र कधीही घेऊ नये. ती विषारी आहे, आणि खेळणे लेकराच्या तोंडात जाते.