भिजण्यापेक्षा वाळणं महत्त्वाचं

शाहूवाडी, जि. कोल्हापूर

चि. मनूस,


बाल्कनीसाठी तू निवडलेल्या वस्तूंचे फोटो पाहिले. प्लास्टिकच्या विणीचा टांगता झोपाळा, जाड गाद्यांचा दोन माणसांचा सोफा आणि काचेचं टेबल. तिन्ही देखणी आहेत. पण यातलं पावसात काय टिकेल, हा तुझा प्रश्न मला अर्धा वाटतो. एखादी वस्तू भिजल्यानं सहसा बिघडत नाही, ती ओली राहिल्यानं बिघडते. म्हणून दुकानदाराला ती भिजली तर चालेल का हे विचारण्याआधी, ती वाळणार कशी हे तू स्वतःच बघ.

आपल्या तालुक्यात आंबा-विशाळगडाकडे पाऊस लागला की दिवसच्या दिवस ऊन दिसत नाही. तुझ्या पुण्याचा पाऊस त्यापुढे शिंतोडेच. तरीही त्या भागात बांबूची इरली आणि टोपल्या पिढ्यान् पिढ्या वापरात राहिल्या. भातलावणीला इरलं दिवसभर पाणी झेलायचं, पण कामावरून आल्यावर ते चुलीच्या उबेला जायचं. धुरानं ओल जायची आणि घुणही लांब राहायचा. तोच बांबू परड्यात ओल्या मातीला टेकून पडला, तर दोन पावसाळ्यांत हातानं मोडतो. बांबूतल्या पिठूळ अंशासाठी घुण येतो, म्हणून पावसाळा संपल्यावर बांबू तोडून त्याला बोरॅक्स आणि बोरिक आम्लाची प्रक्रिया करतात. मात्र हे क्षार पाण्यात विरघळणारे असतात. खुर्ची रोज झडीत भिजली, तर औषध हळूहळू धुऊन जातं.

तू म्हणशील, मामा आपल्याकडचा बांबूच गळ्यात मारणार. कोल्हापूर-सिंधुदुर्गातला माणगा खरोखर गुणी. बराचसा भरीव, बिनकाट्याचा, खुर्चीच्या पायांना उत्तम. कुडाळच्या 'कॉनबॅक'सारख्या संस्थेनं त्यापासून नीटस फर्निचर घडवून दाखवलं आहे. २०१७ साली वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेतकऱ्याला तो तोडणं आणि नेणं सोपं झालं. एवढं असूनही माझं मत असं, की तुझ्या बाल्कनीवर वरच्या मजल्याचं छत असेल आणि झड आत येत नसेल, तरच माणगा घे. उघड्या गच्चीत तो नको.

आता तुझ्या फोटोंकडे वळू. प्लास्टिकची वीण पाण्याला दाद देत नाही हे खरं, पण तिच्या आतला सांगाडा बहुधा लोखंडी नळीचा असतो. ओल जोडांत साचते आणि विणीआडचा गंज दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. सांगाडा ॲल्युमिनियमचा असेल तर गोष्ट वेगळी. जाड फोमची गादी जुलैत भिजली, की आतून आठवडाभर वाळत नाही आणि तिला कुबट वास येतो. शिवाय चार बाय आठ म्हणजे तुझी जागा बत्तीस चौरस फूट. पाच फूट लांब आणि अडीच फूट खोल सोफा त्यातले साडेबारा खाऊन बसतो, गुडघ्यांपुढची जागा आणखी वेगळी. झोपाळ्याचा हुक स्लॅबमध्ये मारायचा, तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको.

मी सुचवीन, पट्ट्यांच्या बैठकीच्या दोन घडीच्या खुर्च्या. सागवानी घे किंवा पावडर कोटिंग केलेल्या ॲल्युमिनियमच्या घे. फटींतून पाणी निथळतं, वारा खालूनही लागतो, आणि संततधार लागली तर घडी करून खुर्ची दाराआड उभी करता येते. साग राखाडी पडला तर घाबरू नकोस, त्यानं लाकडाची ताकद जात नाही. तेल लावायचं ते रंग राखण्यापुरतं.

घडीची खुर्ची टोचते, असं तुझं म्हणणं असेल. स्वस्तातली टोचतेच. पण आराम गादीच्या जाडीपेक्षा मापांवर ठरतो. बैठक साधारण सोळा-सतरा इंच उंच, खोली तेवढीच, पाठ किंचित मागे कललेली आणि पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, एवढं जमलं की दोन इंची, चेन असलेली, उचलून आत नेता येणारी उशी पुरते. दुकानात मात्र दोन मिनिटं बसून ठरवू नकोस, विक्रेता कंटाळेपर्यंत बस. अशा खुर्च्या कँटीनसारख्या दिसतात, हा दुसरा आक्षेप मला मान्य नाही. लहान जागेत खालची फरशी जितकी दिसेल तितकी जागा मोकळी वाटते, आणि सडपातळ पायांमुळे ती दिसते. रंग एकच ठेव, कुंड्या आपोआप उठून दिसतील. काचेच्या टेबलाऐवजी कठड्याला अडकवायची घडीची फळी बघ.

एक गोष्ट मात्र विसरू नकोस. घरात लहान मूल येणार-जाणार असेल तर कठड्यालगत खुर्ची ठेवायची नाही. सव्वातीन फुटांचा कठडा सतरा इंची बैठकीवर उभ्या राहिलेल्या पोराला दोन फुटांहूनही कमी उरतो.

खरेदीआधी बाकीची मापं कळव. दार किती उघडतं, झड कोणत्या बाजूनं येते, पाणी जायची जाळी कुठे आहे. ती आल्यावर खुर्चीचं ठरवू.

तुझा,
मामा